जलाशयाकांठचा मुक्काम

सुटी आली कीं दोन रात्री कोठें तरी पाण्याकांठीं तंबूंत काढाव्या, हा छंद अलीकडे आपल्या मध्यमवर्गीय घरांतून चांगलाच रुजला आहे. पवनेच्या कांठापासून भंडारदऱ्यापर्यंत तंबूंच्या रांगा जागोजाग दिसतात; कांहीं कुटुंबें तर निजण्याची, स्वैपाकाची व स्नानाची सोय असलेली मोटारच भाड्यानें घेऊन निघतात. हा छंद चांगला आहे असेंच आमचें मत आहे. एका छताखालीं राहूनहि ज्या घरांत आजी-आजोबा, काका-काकू आणि नातवंडें यांची निवांत गांठ केवळ सणावारीं पडते, त्या घराला चोवीस तास एकत्र बसविणारी दुसरी युक्ति सांपडणें कठीण. परंतु मुक्कामाची जागा मात्र बहुधा एखाद्या छायाचित्रावरून ठरते. त्या चित्रांत सूर्य मावळत असतो, पाणी तांबूस झालेलें असतें, आणि तंबूच्या दारांत दिवा लावलेला असतो. पुढचे बारा तास कसे जातात, तें चित्रावरून कळत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जागा सायंकाळीं कशी दिसते यावरून ती ठरवूं नये. तेथें रात्र कशी जाईल, आणि घरांतील सर्वांत अशक्त माणसाची कशी जाईल, हें पाहून ती ठरवावी. शेवगांवच्या परिसरांतील नाथसागर डोळ्यांपुढें ठेवून हाच विचार येथें आम्हीं मांडला आहे. तो इतर जलाशयांसहि थोड्याफार फरकानें लागू पडेल.

तळाची विद्या

तळ निवडण्याची विद्या आपल्याला परकी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सैन्याची छावणी कोठें व कशी घालावी याचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि जागेची आंखणी करतांना सेनानायकाबरोबर सुतार व ज्योतिषी यांसहि घेण्यास सांगितलें आहे. इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आषाढी वारींतील पालखीतळ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. राहुट्या, भांडीं व शिधा घेऊन दिंडीची मालमोटार पुढें निघते. वारकरी दमून येतात तेव्हां राहुट्या उभ्या झालेल्या असतात, चूल पेटलेली असते, आणि पाण्याची टांकी कोठें आहे तें पुढें गेलेल्या मंडळींस ठाऊक झालेलें असतें. फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणास नाथषष्ठीसाठीं जाणाऱ्या दिंड्याहि असाच मुक्काम करीत जातात. हजारों माणसांची सोय जी पद्धति लावते, तिच्यापासून दहा-बारा माणसांच्या कुटुंबानें शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

तळाला पाणी नसलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरणहि शेवगांवच्या नांवाशींच जोडलेलें आहे. १७२८ च्या फेब्रुवारींत बाजीरावानें निजामाच्या फौजेस पालखेडजवळ अशा ठिकाणीं कोंडलें कीं, तेथें तिला ना पाणी मिळे, ना दाणागोटा. निजामाचा जड तोफखानाहि मागें राहिला होता. अखेर त्यास तह पत्करावा लागला, आणि तो ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेवगांव येथें झाला. एवढ्या बलाढ्य सरदाराची पाण्यावांचून ही अवस्था झाली, तर पांच लिटरांच्या दोन बाटल्या घेऊन निघालेल्या कुटुंबाची काय कथा ! जलाशयाकांठीं उतरावयाचें आहे म्हणून पाण्याची चिंता नाहीं, असें समजणें हा पुष्कळांचा भ्रम असतो. डोळ्यांसमोर मैलोगणती पाणी असतें, आणि त्यांतील एक घोटहि न गाळतां, न उकळतां लेंकराला देतां येत नाहीं. पिण्यास व स्वैपाकास मिळून माणशीं रोज निदान पांच लिटर शुद्ध पाणी हातीं असावें, असा आमचा हिशेब आहे.

नाथसागराचा स्वभाव

शेवगांवहून पंचवीस-तीस किलोमीटरांवर पैठण, आणि पैठणाच्या माथ्याशीं गोदावरी अडविणारें जायकवाडी धरण. त्याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली, व लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें झालें. भिंत सुमारें दहा किलोमीटर लांब आहे. दरवाजे २७ आहेत. जलाशय पूर्ण भरला म्हणजे त्यांत सुमारें १०२ टी. एम. सी., म्हणजे १०२ अब्ज घनफूट, पाणी राहतें, आणि तें सुमारें ३५० चौरस किलोमीटरांवर पसरतें. एकनाथांच्या नांवावरून त्यास नाथसागर म्हणतात. त्याचा दक्षिणेकडील कांठ शेवगांव व नेवासें या तालुक्यांत येतो, आणि फुगवटा पार प्रवरासंगम-टोक्यापर्यंत जातो.

या आंकड्यांचा नुसता भागाकार केला तरी एक गोष्ट ध्यानांत येते. इतक्या अफाट विस्ताराच्या मानानें पाण्याची सरासरी खोली अवघी आठ-नऊ मीटर पडते. नाथसागर हा परातींत ओतलेल्या पाण्यासारखा आहे. परातींतलें पाणी थोडें कमी झालें कीं कड लांबवर उघडी पडते. तसेंच येथें पातळी दोन-तीन मीटरांनीं उतरली कीं कांठ कोठल्या कोठें सरकतो. पौषांत जेथें लाटा तंबूच्या पायथ्याशीं खेळत होत्या, तेथें वैशाखांत उभें राहिल्यास पाणी क्षितिजाशीं चकाकतांना दिसतें, आणि मधें भेगाळलेला काळा गाळ पसरलेला असतो. म्हणून छायाचित्र पाहतांना पहिला प्रश्न हा विचारावा : हें चित्र कोणत्या महिन्यांतलें ?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या जलाशयांत येणारें पाणी येथल्या पावसाचें फारसें नसतें. पाऊस नाशिकच्या व अकोल्याच्या डोंगरांत पडतो आणि पूर गोदावरी-प्रवरेंतून येथें उतरतो. शेवगांवीं आकाश निरभ्र असतांना नाथसागराची पातळी चढत असते, आणि धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे पैठणाखालीं नदीचें पात्र भरून वाहूं लागतें. पावसाळा संपल्यावरहि हा धोका सर्वस्वीं टळत नाहीं. जायकवाडींत पुरेसा साठा नसेल तर समन्यायी पाणीवाटपाच्या नियमानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडावें लागतें. २०२३ च्या नोव्हेंबरांत तसें तें सोडण्यांतहि आलें. अशा वेळीं मुळा व प्रवरा यांच्या कोरड्या दिसणाऱ्या वाळवंटांत तंबू ठोकलेला असला, तर पाणी मध्यरात्रींहि येऊं शकतें. नदीच्या पात्रांत, धरणाच्या खालच्या अंगास, मुक्काम करूं नये, हा नियम बारमाही समजावा.

ओढ्यानाल्यांच्या कांठालाहि हाच नियम. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस शेवगांव-पाथर्डी भागांत एका रात्रींतल्या पावसानें लहान नद्यांस असा पूर आला कीं, वर्षांतील बरेच महिने कोरड्या असणाऱ्या प्रवाहांचें पाणी गांवांत शिरलें, आणि जनावरें व संसार वाहून गेले. जेथें पिढ्यान्‌पिढ्या राहणारीं माणसें गाफील सांपडलीं, तेथें एका रात्रीच्या पाहुण्यास काय कळणार ? जागा पाहतांना झुडुपांकडे नजर टाकावी. त्यांच्या फांद्यांत वाळलेलें गवत व चिंध्या अडकलेल्या दिसल्या, तर पुराचें पाणी तेथवर येऊन गेलें आहे असें समजून त्याहून पुष्कळ उंच जागा धरावी.

कांठ कोणाचा ?

उघडा पडलेला कांठ पाहून तो कोणाचाच नाहीं असें शहरच्या माणसास वाटतें. वस्तुतः त्याला मालक पुष्कळ आहेत. बुडित क्षेत्र जलसंपदा खात्याचें. पाणी ओसरल्यावर जी जमीन उघडी पडते, तींत गाळपेर होते. म्हणजे धरणांत ज्यांची शेती गेली त्यांपैकीं कांहीं कुटुंबें तेथें चार महिन्यांचें पीक काढतात. नाथसागरासाठीं शंभराहून अधिक गांवांना आपलीं घरें किंवा शिवारें सोडावीं लागलीं. ज्या कांठावर आपण चटई अंथरतों, त्याच्या समोर पाण्याखालीं कोणाचा तरी वाडा, कोणाची तरी विहीर आहे. गाळपेरींतल्या हरभऱ्यावरून मोटार नेणें हा केवळ अविचार नव्हे. ज्यांनीं एकदां सर्व कांहीं दिलें, त्यांच्याकडून तें पुन्हां घेणें आहे.

शिवाय जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षिअभयारण्य आहे. थंडींत येथें चक्रवाक, पट्टकादंब, तलवार बदकें, करकोचे आणि रोहित यांचे थवे उतरतात. अभयारण्याच्या हद्दींत परवानगीवांचून राहतां येत नाहीं, आणि तेथें आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. ‘ अगदीं पाण्याला लागून तंबू देतों ’ असें कोणी सांगूं लागला, तर आनंदून जाण्यापेक्षां जमीन कोणाची व परवानगी कोणाची, हें आधीं विचारावें. आमच्या मतें या भागांत सर्वांत उत्तम जागा म्हणजे कांठापासून थोडी मागें, उंचावर असलेली, शेतकऱ्याची स्वतःची जमीन. राज्य सरकारनें २०२० मध्यें कृषिपर्यटनाचें धोरण आणल्यापासून अशा शेतकऱ्यांस केंद्राची रीतसर नोंदणी करतां येते. नोंदणी असलेल्या ठिकाणीं जमिनीचा मालक स्वतः भेटतो, रात्रीं हांक मारल्यास येतो, आणि आपण दिलेले पैसे त्याच्याच घरांत राहतात.

जमीन, वारा आणि वीज

या भागांतील काळी माती कोरडी असतांना लोखंडासारखी कठीण, आणि ओली झाली कीं लोण्यासारखी. एक जोराची सर आली कीं मोटारीचीं चाकें रुततात व तंबूच्या खुंट्या सैल होतात. म्हणून मुरमाड माळ पाहावा. जमीन किंचित उताराची असावी, म्हणजे पाणी साचत नाहीं. पण खोलगट मुळींच नसावी. डांबरी रस्त्यापासून तळापर्यंतची वाट कशी आहे हें स्वतंत्रपणें विचारावें, कारण रात्रीं कोणास बरें वाटेनासें झालें तर बाहेर पडण्याचा मार्ग तोच.

विस्तीर्ण पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडविणारें कांहीं नसतें. चैत्र-वैशाखांत दुपारनंतर वळवाचें वादळ उठलें म्हणजे शांत पाण्याचें रूप पालटण्यास पाव तास पुरतो. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांवहून कळाशीकडे जाणारी नाव अशाच सायंकाळच्या वादळांत उलटली आणि सहा जणांचा अंत झाला. तेव्हां नौकाविहार करावयाचाच असेल तर सकाळीं करावा, आणि प्रत्येकाच्या, विशेषतः मुलांच्या, अंगावर बेताचें तरंगजाकीट बांधल्याशिवाय नावेंत पाऊल ठेवूं नये. ‘ पाणी उथळ आहे ’ या शब्दावर विसंबूं नये. बुडालेल्या शिवारांतल्या विहिरी, बांध, गाळाचे थर आणि कोळ्यांचीं जाळीं वरून दिसत नाहींत. उत्तम पोहणाराहि त्यांत अडकतो.

विजेच्या बाबतींत एक गैरसमज दूर केला पाहिजे. तंबू विजेपासून रक्षण करीत नाहीं, एकटें उभें असलेलें झाड तर नाहींच नाहीं. गडगडाट ऐकूं येतांच पक्क्या घरांत, अथवा तें नसेल तर कांचा लावलेल्या, पत्र्याच्या मोटारींत बसावें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें तयार केलेलें ‘ दामिनी ’ नांवाचें ॲप मोबाईलवर असलें, तर आजूबाजूस वीज पडण्याची पूर्वसूचना मिळते. पण तळावर मोबाईलला रेंज असली तरच तिचा उपयोग. म्हणून हाहि प्रश्न विचारण्याच्या यादींत घालावा.

रात्र

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. एका तळावर आमच्या शेजारच्या तंबूंत एक मोठें कुटुंब उतरलें होतें. जागा रमणीय होती, व्यवस्थापक अगत्यशील होता. शौचालय मात्र दोनशें पावलांवर, दगडगोट्यांच्या वाटेनें, आणि वाटेवर दिवा नव्हता. त्या घरांतल्या आजी सायंकाळीं पांच वाजल्यापासून पाणी प्याल्याच नाहींत. सूनबाईनें दोनदां तांब्या पुढें केला, तेव्हां ‘ नको ग, रात्रीं उठावें लागेल ’ एवढेंच त्या हळूच म्हणाल्या. घरांतल्या कोणाच्या तें लक्षांतहि आलें नसतें. वृद्ध बायका बाहेरगांवीं अशीच तहान मारतात, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांस चक्कर आली म्हणजे आपण ऊन्हाला बोल लावतों. शौचालय किती पावलांवर, वाट सपाट आहे काय, दिवा रात्रभर राहतो काय, कमोड आहे काय, आंतून कडी लागते काय, हे प्रश्न विचारण्यांत संकोच कसला ? लहान मुलांच्या आया व मासिक पाळीच्या दिवसांतल्या मुली यांसहि याच प्रश्नांचीं उत्तरें हवीं असतात. त्या बोलत नाहींत, इतकेंच.

गुडघे दुखणाऱ्या माणसास जमिनीलगतच्या गादीवरून उठतां येत नाहीं. त्यांच्यासाठीं खाट असलेली खोली घ्यावी आणि तरुण मंडळींनीं अंगणांत तंबू ठोकावे. अशी दुहेरी सोय ज्या ठिकाणीं असेल तें एकत्र कुटुंबास विशेष उपयोगी. खाटेचा आणखी एक फायदा आहे. मण्यारासारखा विषारी साप रात्रीं हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला दंश करतो. त्याची वेदना कित्येकदां इतकी थोडी असते कीं झोपमोडहि होत नाहीं. तंबूच्या तळाचें कापड भिंतींशीं शिवलेलें असावें, दाराची सांखळी सदैव लावलेली असावी, आणि बॅटरीशिवाय रात्रीं पाऊल टाकूं नये. दंश झाल्यास मांत्रिक, चिरा, आवळपट्टी या भानगडींत न पडतां १०८ क्रमांकास कळवून सरळ तालुक्याचें ग्रामीण रुग्णालय गांठावें. त्याची वाट दिवसाउजेडींच पाहून ठेवावी.

उसाच्या फडाला लागून तळ नको. अहिल्यानगर जिल्ह्यांत बिबट्या आतां उसांतच वाढतो, हें येथील शेतकऱ्यांस नित्य ठाऊक आहे. २०२० च्या ऑक्टोबरांत पाथर्डी तालुक्यांत बिबट्यानें लहान मुलांचे बळी घेतले होते. भीति घालण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. दिवेलागणीनंतर मुलें मोठ्यांच्या हाताच्या अंतरांत असावीं, आणि खरकटें उघड्यावर टाकून कुत्रीं गोळा करूं नयेत, म्हणजे त्यांच्यामागें येणारा पाहुणाहि येत नाहीं, एवढेंच सांगावयाचें आहे.

थंडीच्या रात्रीं एक अपघात फार हळू पावलांनीं येतो. पाण्याकांठीं पौष-माघांत गारठा चांगलाच पडतो, आणि ऊब यावी म्हणून कोणी तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूंत ओढून घेतो. बंद जागेंतल्या जळणापासून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाहीं, वास नाहीं. २०२० च्या जानेवारींत नेपाळांत दामन येथें सहलीस गेलेल्या केरळच्या आठ जणांचा, त्यांत चार मुलें होतीं, बंद खोलींतल्या गॅसच्या शेगडीनें झोपेंतच प्राण घेतला. शेगडी, कोळसे, गॅस यांपैकीं कांहींहि निजण्याच्या जागेंत नेऊं नये. दोन घोंगड्या अधिक न्याव्या.

चालतें घर

झोपण्याची व स्वैपाकाची सोय असलेल्या मोटारीचा प्रकार आपल्याकडे नवा असला तरी जगांत जुना आहे. इंग्लंडांत तंबूंत राहणाऱ्या हौशी लोकांची संस्था १९०१ मध्येंच निघाली. अमेरिकेंत १९२० नंतर मोटारी वाढल्या आणि लोक अरण्यांत वाटेल तेथें गाड्या नेऊं लागले. तेव्हां माइनेके नांवाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञानें दाखवून दिलें कीं, चाकांखालीं व पायांखालीं माती दडपली जाऊन मोठमोठे वृक्ष मुळांपासून मरत आहेत. गाडीची जागा, चुलीची जागा व मेजाची जागा ठरलेली असावी, ही पद्धति त्याच्या सूचनांवरून १९३० नंतर तेथें रूढ झाली. आज त्या देशांतल्या चांगल्या तळावर प्रत्येक गाडीस वीज, पाणी व सांडपाणी अशा तीन जोडण्या मिळतात, आणि तिकडे स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें या सोयीचा आनंदानें लाभ घेतात.

महाराष्ट्र सरकारनेंहि २०२१ मध्यें अशा गाड्यांसाठीं व त्यांच्या तळांसाठीं स्वतंत्र धोरण मंजूर केलें. तथापि गाडी भाड्यानें घेणाऱ्यानें गाडीच्या गाद्या पाहण्यापूर्वीं तिसऱ्या जोडणीचा विचार करावा : गाडींतल्या शौचकूपाची टांकी भरली म्हणजे ती कोठें रिकामी करावयाची ? याचें उत्तर तळवाल्यापाशीं नसेल, तर ती घाण शेवटीं एखाद्या ओढ्यांत जाते, आणि ओढा जलाशयांत जातो. नाथसागराचेंच पाणी छत्रपति संभाजीनगरच्या व जालन्याच्या नळांना येतें, हें विसरून चालणार नाहीं. ज्यांच्याकडे सांडपाण्याची सोय नाहीं, त्यांच्याकडे गाडीचें शौचालय न वापरतां शेतकऱ्याचें पक्कें शौचालय वापरावें. शिवाय अशी गाडी उंच व जड असते. वाटेंतल्या विजेच्या तारा, बाभळीच्या फांद्या आणि लहान मोऱ्या यांची चौकशी निघण्यापूर्वीं करावी.

तीन पाणी, तीन परी

याच जिल्ह्यांतल्या तीन जलाशयांची तुलना केली म्हणजे निवड कशी करावी हें स्पष्ट होईल. नाथसागर सपाट व उघडा. मार्गशीर्ष ते माघ हे त्याचे दिवस; पक्षी पाहण्याची आवड असलेल्या मुलांना आणि चढउतार न झेपणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो मानवतो. जोडीला पैठणचें नाथमंदिर, घोटणचें पुरातन मल्लिकार्जुन मंदिर, आणि नेवाशाचा ज्ञानेश्वरांचा पैस हीं एकेका दिवसांत होतात. चैत्रानंतर मात्र सावलीचा अभाव व वळवाचा धाक यांमुळें तेथें रात्र काढण्यांत अर्थ नाहीं.

राहुरीजवळचा मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर २६ टी. एम. सी. चा, शहरापासून जवळ, म्हणून ज्यांच्या घरीं तान्हें मूल वा नुकतें आजारांतून उठलेलें माणूस आहे त्यांनीं प्रथम याच बाजूचा विचार करावा. सकाळीं जाऊन रात्रीं घरीं परतणें हाहि एक शहाणपणाचा मुक्कामच होय.

भंडारदरा अगदीं निराळा. प्रवरेवरचें हें दगडी धरण १९२६ मध्यें पुरें झालें. भिंत ८० मीटरांहून उंच, पाणी डोंगरांच्या कुशींत, आणि कांठ उभा. नाथसागराच्या कडेला मूल दहा पावलें गेलें तरी पाणी बहुधा गुडघ्याशीं असतें; येथें दोन पावलांत तळ सुटूं शकतो. चालत्या वयाचीं लहान मुलें बरोबर असतील तर येथें पाण्यापासून दूर, कुंपण असलेली जागा घ्यावी. ज्येष्ठाच्या तोंडावर येथल्या रानांत काजव्यांनीं झाडें उजळतात व त्यासाठीं मोठी गर्दी लोटते. तो देखावा पाहावाच. पण मोटारीचे दिवे, मोबाईलचे झोत आणि झाडाखालचें तुडविणें यांनीं काजव्यांची पुढची पिढीच नाहींशी होते, म्हणून वनखात्यानें घातलेल्या वेळेचे व वाटेचे निर्बंध मनापासून पाळावे. रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ आणि शांत पाणी यांसाठीं दिवाळीनंतरचे दिवस अधिक बरे. भर पावसाळ्यांत डोंगरी पाण्याच्या मोहांत पडूं नये. लोणावळ्यास भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजीं एकाच कुटुंबांतील पांच जण क्षणार्धांत वाहून गेले, तेहि सुटीच्या आनंदासाठींच गेले होते.

स्वैपाक आणि घरच्या बायका

सहलीस गेल्यावरहि पिठाचे डबे, पोळपाट-लाटणें आणि दहा माणसांच्या पोळ्या घरच्या सुनांच्याच मागें लागणार असतील, तर त्या सहलीस काय म्हणावें ? आमच्या मतें जागा ठरवितांना जेवण यजमानांकडून मिळतें काय हें आधीं पाहावें. शेतावरच्या घरची बाजरीची भाकरी, पिठलें, ठेचा व वांग्याचें भरीत शहरच्या पंचपक्वान्नांपेक्षां मुलांना अधिक आवडतें, असा आमचा अनुभव आहे. शाकाहारी स्वैपाक वेगळ्या भांड्यांत होतो काय, वडिलांच्या उपासाचें कांहीं मिळेल काय, पथ्याचें बिनतिखट करून देतील काय, हें आदल्या दिवशीं स्पष्ट सांगितलें तर यजमानीणबाई आनंदानें करतात. ऐन वेळीं पानावर बसून नाकें मुरडल्यास त्यांचा जीव कानकोंडा होतो. भांडीं जलाशयांत घासूं नयेत, साबणाचें स्नान तेथें करूं नये, आणि आणलेला कागद, कांच व प्लास्टिक सारें परत घरीं न्यावें.

रात्रीं मोठ्यानें गाणीं लावण्याची चाल ज्या तळावर आहे तो कुटुंबानें टाळावा. पाण्यावरून आवाज फार दूर जातो. उथळ पाण्यांत विसावलेले थवे त्यानें उठतात, आणि पलीकडच्या वस्तींतल्या शेतकऱ्यास पहांटे पाण्याच्या पाळीवर जावयाचें असतें. मद्यपान चालतें काय हें तर निःसंकोच विचारावें. उत्तर आढेवेढे घेत आलें तर दुसरी जागा पाहावी.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. दिंडीची मालमोटार जशी पुढें जाते, तशी घरांतलीं दोन जाणतीं माणसें, त्यांपैकीं एक गृहिणी असावी, आठवडाभर आधीं जागा पाहून येवोत. त्यांनीं मालकाला भेटावें, शौचालयापर्यंत स्वतः चालून जावें, पाण्याची टांकी उघडून पाहावी, उंच जागा कोणती तें ठरवावें, आणि पुरें भाडें देण्यापूर्वीं ‘ पाऊस आला तर आम्हांस कोणत्या पक्क्या छपराखालीं नेणार ? ’ हें विचारावें. ज्या मालकास या प्रश्नाचा राग येतो त्याचा निरोप तेथेंच घ्यावा. मुक्कामाच्या दिवशीं सूर्यास्तापूर्वीं दोन तास तळावर पोंचावें, म्हणजे उजेडांत अंथरुणें लागतात, आजींना वाट पाठ होते, आणि मुलांना कोठवर जावें व कोठून परतावें याची खूण दाखवितां येते. एवढें झालें कीं चटई अंथरून खुशाल सूर्यास्त पाहत बसावें.